जास्तीचे शंभर

“माझ्या पाकिटात शंभर जास्त निघाले,” थोरली जाऊ म्हणाली. “आज याचा छडा लावा. नाहीतर उद्या धाकटीचं मशीन मी दुकानाबाहेर काढते.”

जावईबापूंनी वहीत ‘चोरी’ लिहून टाकलं होतं, ते खोडलं. त्यांच्या सासूबाई खासगी तपास करायच्या आणि हे त्यांचे मदतनीस; तक्रार घेऊन आलेल्या या घराशी दोघांचं नातं नव्हतं. जास्त मिळाल्याची तक्रार मात्र दोघांनीही आजवर ऐकली नव्हती.

शिवणाचं दुकान थोरलीचं. तिथे शिवायला तिघी: दोन जावा आणि नणंद. दोऱ्याचे डबे सामाईक.

“या खेपेला पाच डबे मी आणले, चार धाकटीनं. वन्संनी एकही नाही, म्हणून त्यांनी नऊशे दिले. सरळ आहे, पाचशे माझे, चारशे तिचे. तर हिनं मला सहाशे ठेवले! गिऱ्हाइकं तिची, कौतुक तिचं, आता दानधर्मही तिचाच. जळफळाट होतो हो माझा.”

“मागच्या खेपेला?” सासूबाईंनी विचारलं.

“तेव्हाही नऊशेच. पाच डबे तिचे, चार माझे. वाटणी मी केली. तिला पाचशे, मला चारशे. चकार शब्द बोलली नाही.”

दुकानात सासूबाईंनी आधी नणंदेला गाठलं. “नऊशे कशाचे दिलेत?”

“मी वापरलेल्या तीन डब्यांचे. दर खेपेला तिघी तीन-तीन वापरतो. पैसे धाकट्या वहिनीकडे दिले.”

धाकटी काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, “मी एक पैसाही जास्त दिलेला नाही.”

“धडधडीत खोटं,” जावईबापू कुजबुजले.

“जावईबापू, ताटातले लाडू बरोबर मोजता. इथेही मोजा की.”

सासूबाईंनी थोरलीला समोर बसवलं. “तुम्ही पाच आणलेत, तीन स्वतः वापरलेत. तुमच्या वन्संना दिलेत किती?”

“दोन.”

“धाकटीनं चार आणले, तीन वापरले. तिनं दिला एक. वन्संनी पैसे घेतलेल्या डब्यांचे दिले. दोनाचे सहाशे, एकाचे तीनशे. तुम्ही आणलेले मोजलेत, तिनं दिलेले मोजले.”

थोरलीचा चेहरा पडला. “म्हणजे मागच्या खेपेला...”

“तिचे शंभर तुमच्याकडे राहिले.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“हिशेबी म्हणाला असतात, जाऊबाई.”

थोरलीनं शंभर काढून धाकटीच्या मशीनवर ठेवले. “मशीन राहू दे इथंच,” एवढंच म्हणाली.

मग सासूबाईंना दारापर्यंत सोडायला आली, तेव्हा तिचे डोळे भरले होते.

“चोर निघाली असती तर बरं झालं असतं हो,” ती म्हणाली. “आता तर तिच्याकडे बघवतही नाही मला.”