रेषेच्या या बाजूला

"कॅमेरा हलवा तिथून. रेषा ओलांडलीत तुम्ही."

सॅन पेड्रोच्या बंदरावरच्या छोट्या हॉटेलात शूटिंगचा पहिला दिवस होता. खिडकीशी कॅमेरा लावणाऱ्या वेंडेलने मान वर केली. समोर कोरिन उभी. शॉटला शॉट जुळतोय ना, मघाचा कप त्याच हातात आहे ना, यावर नजर ठेवणं हे तिचं काम.

"कुठली रेषा? मला तर दिसत नाही."

"त्या टेबलाशी हिरो-हिरॉईन समोरासमोर बसलेत ना, त्यांच्यामधली. कॅमेरा तिच्या एकाच बाजूला हवा. पलीकडे गेलात, तर ते एकमेकांकडे बघतायत असं वाटणारच नाही. बसची वाट बघत बसल्यासारखे दिसतील."

"मला बस आवडते."

ती हसली नाही. बोटातली अंगठी फिरवत राहिली...

जन्म कॅमेऱ्यामागे गेलेला माणूस, त्याला काय रेषा ठाऊक नव्हती? पण कोरिन रागवायला जवळ यायची, तेवढ्यासाठी वेंडेल रोज चुकू लागला.

"मुद्दाम करता ना?" एकदा तिने विचारलं.

"हो."

"नका करू. माझा नवराही असाच छळायचा. गेला तो." तिचे डोळे भरून आले होते.

त्या दिवसापासून वेंडेल रेषेच्या आपल्या बाजूलाच राहिला. जीव मात्र तिच्यात गुंतायचा तो गुंतलाच.

शेवटच्या संध्याकाळी सामानाची बांधाबांध झाली. त्याच टेबलाशी दोघं समोरासमोर कॉफी पीत होते. बाहेर धुकं उतरत होतं. उद्या तो नव्या कामासाठी दूर हॅलिफॅक्सला निघणार होता, आणि मनातलं ओठांवर येत नव्हतं. कोरिनने साखरेकडे हात नेला. बोट मोकळं होतं, त्यावर फक्त एक फिकट वळ.

"कोरिन," तो म्हणाला, "कालपर्यंत तुमच्या बोटात अंगठी होती."

"होती."

"आज नाही. म्हणजे... शॉट जुळवण्यात चूक झाली?"

"चूक नाही." ती कॉफी ढवळू लागली. "मधे बराच काळ गेला की असं बदलतं. हा नवा सीन आहे."

वेंडेलने कप खाली ठेवला. "मी उद्या जातोय—"

"माहितीये. म्हणून तर आज काढली. परत येशील ना?"

तिने त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं.

"येईन."

"मग तिथे काय बसलायस? इकडे ये की."

तो उठला, टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी बसला. आणि दोघं खिडकीकडे तोंड करून, बसची वाट बघत असल्यासारखे, हातात हात घेऊन बसून राहिले.