मॅडम आज सुट्टीवर

"मागून येतेत का माणसं? डोळे हायत का बटणं?"

तनुजानं आधी गवत कापायच्या मशीनच्या पात्याचं बटण बंद केलं, दोन्ही दांडे बाहेर सारले, चावी फिरवली आणि मगच मागं वळून ओरडली. राग कितीही आला तरी हा क्रम तिनं कधी चुकवला नव्हता.

समोरचा माणूस जागच्या जागी थिजला. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची पँट, बुटांना चिकटलेलं गवत.

"मी... हाक मारली की दोनदा."

"कानावर हे बसवलंय, दिसत न्हाई? आन् ही मशीन काय ट्रॅक्टर हाय व्हय, वळायला रान लागायला? जागच्या जागी गर्रकन फिरते. पाय गेला असता म्हंजे?"

बोलता बोलता तिनं कानांवरची जाड टोपणं काढली आणि नीट बघितलं.

हा तर तोच! देवणीचा सुदर्शन. उद्या तिला बघायला येणारा. मामानं मोबाइलवर पाठवलेला त्याचा फोटो तिनं आईसमोर एकदाच बघितला होता. आईच्या माघारी किती वेळा बघितला, ते जाऊ द्या.

बरं झालं, तिच्या तोंडावर स्कार्फ होता, डोळ्यांवर गॉगल. तिचा जो फोटो देवणीला गेला होता तो पार्लरमधून नटून काढलेला. त्या फोटोत तिला तिची आईसुद्धा चटकन ओळखत नव्हती, तिथं हा काय ओळखणार!

"मला तनुजा मॅडमना भेटायचं होतं," तो म्हणाला. "हितं मॅनेजर हायत म्हणं."

आता हे मॅनेजर प्रकरण काय, ते आधी सांगायला पाहिजे. मुरुडहून लातूरला जाताना रस्त्याला लागून गुरुलिंगअप्पांचं लॉन्स आहे, लग्नाचं. तनुजा तिथं गवत कापायची मोठी मशीन चालवायची. वर बसून चालवायची ती, स्टिअरिंग नाही, नुसते दोन दांडे. तेल तीच बदलायची, फिल्टर तीच झाडायची, पातं तीच घासायची. पण गल्लीत तिचं नाव पडलं होतं 'गवतवाली'. मागच्या वर्षी औशाचं स्थळ आलं, तर मुलाच्या आत्यानं "बाईच्या जातीनं असल्या मशिनीवर बसायचं?" म्हणत चहा अर्धा ठेवला आणि मंडळी उठली. त्या दिवसापासून आईनं, सिंधुबाईनं, जो विचारेल त्याला एकच सांगायला सुरुवात केली, "पोरगी मॅनेजर हाय. ऑफिसात बसती." तनुजानं एकदाही 'नाही' म्हटलं नाही. मशीनवर बसलेली असली की तिला लाज आठवायची नाही. खाली उतरून फाटकाबाहेर पाऊल टाकलं की मात्र आठवायची.

"मॅडम आज सुट्टीवर हायत," ती बोलून गेली.

बोलली आणि जीभ चावली. पण निसटलेला शब्द कुठला परत यायला!

"अरेरे... लॉन बघायचं होतं. बहिणीच्या लग्नाला."

बहिणीच्या? मामानं तर पोरगा एकुलता एक सांगितला होता. म्हणजे साहेबही थापाच मारून राहिले! तनुजाला स्कार्फच्या आत हसू आलं, आणि जरा धीरही.

"बघा की मग. पण मशीनपासून लांब. आन् मला काम हाय."

काम होतंच. कालचं लग्न उरकून मंडपवाले गेले होते आणि कोपऱ्यातल्या गवतात बांधायच्या तारेचे तुकडे तसेच टाकून. तार पात्यात गेली की गोळीसारखी बाहेर येते. आधी सगळं वेचायचं, मगच मशीन घालायची. ती वाकली, तर तोही शेजारी येऊन वाकला. इस्त्रीच्या पँटीसकट.

"तुमी कामून?"

"रिकामाच हाय की. बहिणीचं लगीन हाय, तिच्याच पायात तार जायची."

दोघं वेचत राहिले. तार, नारळाच्या करवंट्या, प्लॅस्टिकचे चमचे, कुणाचा तरी एक झुमका. दोघांचे हात एकदम त्या झुमक्यावर गेले, आणि दोघांनीही एकदमच मागं घेतले.

"मॅडम... कशा हायत हो?"

"कशा म्हंजे?"

"स्वभावानं."

"लई कडक. खोटं बोललेलं अजिबात खपत न्हाई त्यांना." हे म्हणताना तिचे कान तापले.

"आन् दिसायला?"

"फोटो बघितला न्हाई का?"

"फोटो? तुमाला फोटोचं काय म्हाईत?"

मेली! ती पटकन एका काटकीवर झुकली. "म्हंजे... बुकिंगच्या कार्डावर असतोय की."

पण सुदर्शनचा चेहरा पडला होता. तारेचा तुकडा बोटाभोवती गुंडाळत तो म्हणाला, "खरं सांगू का? मला बहीण न्हाई. उद्या त्या मॅडमना बघायला यायचंय आमाला. मी चोरून आलोय."

"चोरून कामून?"

"आमच्याकडं देवणी जनावरं हायत. दिवस उजाडायच्या आधीपासनं मी गोठ्यात असतो. मागं एक पोरगी बघितली, तिनं सांगून धाडलं... अंगाला शेणाचा वास येतोय म्हणून." तो हसला, पण ते काही हसू नव्हतं. "तव्हापासनं साबण घासून घासून कातडं निघायला आलंय. ऑफिसातली मॅडम आमच्या गोठ्यात पाय तरी ठेवील का, लांबूनच बघावं म्हणलं. उद्या सगळ्यांसमोर पुन्हा तेच ऐकायचं म्हंजे... लाज वाटते हो."

आत्ताच सांगायला पाहिजे होतं. स्कार्फची गाठ सोडायची, बास. पण या माणसानं आपली लाज सरळ काढून पुढ्यात ठेवली होती, आणि आपण गॉगलाआडून त्याची मजा बघितली! आता कुठल्या तोंडानं सांगायचं? ती उठून मशीनकडं गेली. चावी काढली, प्लगची वायर उपसली आणि पात्याखाली अडकलेलं गवत खरवडायला लागली.

"वायर कामून काढली?"

"हात आत असताना चुकून फिरलं तर? चावीवर भरवसा ठेवायचा, पण वायर काढून."

तो तिच्या हातांकडं बघत होता. नखं हिरवी-काळी झालेली. तिनं हात ओढून घेतले.

"लपवू नका," तो हळूच म्हणाला आणि त्यानं आपले हात पुढं केले. तसेच काळे, तसेच भेगाळलेले. "सांगू का... मॅडम सुट्टीवर हायत तेच बरं झालं."

"ते कामून?"

"तुमच्याशी बोलायला बरं वाटून राहिलं म्हणून."

तनुजानं खाली मान घातली. वायर जोडली, चावी लावली, उगीचच शीट पुसली. आनंद व्हावा तर तो खोटेपणाखाली दबलेला, आणि वर मॅडमला मशीनवालीचा, म्हणजे स्वतःचाच हेवा! अशी फजिती देवानं कुणाची करू नये.

तेवढ्यात फाटकातून अप्पांची जीप आत आली. अप्पांची सवय अशी की फाटकातूनच "तनुजाऽ" म्हणून हाळी द्यायची. आज ती हाळी सुदर्शनच्या कानी पडली तर? ती जिवाच्या आकांतानं जीपकडं पळाली. पाणी प्यायला उतरली तरी चावी खिशात घालणारी पोरगी, पण आज चावी मशीनलाच राहिली.

इकडं सुदर्शनला वाटलं, बिचारीचं काम आपल्यामुळं खोळंबलं, तेवढी मशीन त्या कोपऱ्यात नेऊन ठेवू. ट्रॅक्टर चालवतो आपण, ह्यात काय! बसला. चावी फिरवली. दांडे आत घेऊन पुढं ढकलले. मशीन सुटली.

समोर कमान उभी होती. त्या संध्याकाळच्या लग्नाची, झेंडूची, नवरा-नवरीची नावं लावलेली. आता थांबवायची कशी? पायाखाली ब्रेक सापडेना. मग जन्मभर बैल हाकलेल्या माणसानं जे करायचं तेच त्यानं केलं. कासरा खेचावा तसे दोन्ही दांडे मागं ओढले आणि ओरडला, "होऽ! होऽ होऽ!"

बैल थांबला असता. मशीन उलटी धावायला लागली. त्यानं आणखी जोर लावला, ती आणखी जोरात मागं. एक हात जास्त ओढला गेला, तशी गर्रकन फिरली आणि पाठीनं कमानीवर निघाली.

"सोडाऽ! दांडे सोडाऽ!" तनुजा किंचाळत आली.

सोडा? उधळलेल्या बैलाचा कासरा कुणी सोडतं का! त्यानं दातओठ खात आणखी घट्ट धरले. धाडकन मशीन कमानीला धडकली, तो घाबरून शिटावरून उठला आणि त्याच क्षणी इंजिन आपोआप बंद पडलं. शिटाखाली त्यासाठीच बटण असतं. "खड्ड्यात सारखी बंद पडते, तोडून टाक ते बटण," असं तिला सगळ्यांनी सांगून झालं होतं. तिनं ऐकलं नव्हतं म्हणून आज बरं. पातं बंद होतं म्हणून अजून बरं. सगळी कमान मात्र सुदर्शनच्या डोक्यावर आली.

झेंडूच्या ढिगातून त्यानं मान बाहेर काढली. "मशीनला काय झालं का हो?"

मागून अप्पांचा आवाज कडाडला. "तनुजा! चावी मशीनला कुणी ठेवली?"

फुलं झटकणारा सुदर्शनचा हात थांबला.

आता लपायला जागा नव्हती. तनुजानं गॉगल काढला, स्कार्फ सोडला. "मी ठेवली, अप्पा. चूक माझी हाय." मग सुदर्शनकडं न बघता म्हणाली, "मीच ती. मॅनेजर न्हाई. आई खोटं बोलली, आन् तुमच्याशी मीबी."

तो लालबुंद झाला. आपण काय काय बोललो ते एकेक आठवत असावं. "कमान मी उभी करतो," एवढंच अप्पांना म्हणाला. दुपारपर्यंत दोघं त्याच कमानीला झेंडू बांधत होते, ती या खांबाशी, तो त्या खांबाशी. एक नजर नाही. ती मशीन शेडमध्ये लावून परत आली तेव्हा तो निघून गेला होता.

संपलं, तिनं मनाशी म्हटलं. आता कशाला येतात ते!

पण दुसऱ्या दिवशी आले. सुदर्शन खाली मान घालून बसलेला, शेजारी त्याची आई सरजाबाई, इरकली नेसलेली, नजर धारदार. तनुजा पोह्यांचा ट्रे घेऊन आली. सिंधुबाईंची टेप सुरूच होती, "सगळं ऑफिस हीच बघती बगा. मॅनेजर म्हणल्यावर..."

सुदर्शननं तोंड उघडलं नाही. तो सांगणार नव्हता, हे तिला कळलं. ती गप्प बसली असती तर सगळं सुरळीत पार पडलं असतं, आणि या भल्या माणसाला जन्मभर तिची लाज झाकत बसावी लागली असती.

"मी मॅनेजर न्हाई," तनुजा म्हणाली.

सिंधुबाईंच्या हातातला चमचा खाली पडला. मामा खोकायला लागला.

"मी लॉनवर गवत कापायची मशीन चालवते. मला ते काम लई आवडतंय. लाज वाटायची ती लोकांच्या तोंडाची. त्या लाजेपायी मी काल एका माणसाला फसवलं. त्या फसवण्याची लाज मात्र खरीच वाटते."

सरजाबाईंनी सावकाश पोराकडं वळून बघितलं. "आन् तू रं? काल पेंड आणायला गेलतास न्हवं? कोपर कशानं खरचटलं?"

"आई... मी हिला चोरून बघायला गेलतो. आन् हिची मशीन कमानीवर घातली."

"कशी काय?"

"थांबवायला... कासरा ओढल्यावानी ओढली. होऽ होऽ म्हणत."

सरजाबाई मांडीवर थाप मारून अशा हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "अगं बाई गं! मशिनीला होऽ होऽ!" पदरानं डोळे पुसत त्या तनुजाला म्हणाल्या, "साडीत काय, सगळ्याच पोरी गुमान दिसतेत. उद्या कामावर असशील ना? मी तिथं येते तुला बघायला. जा, तवर ह्या येड्याशी बोलून घे."

गॅलरीत दोघं कठड्याला टेकून उभे राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं.

"काल निघून कामून गेलाव?" तिनं विचारलं. "मला मेल्यावानी झालं."

"तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. न्हाईतर... कालच विचारणार होतो."

"मॅडमना?"

"न्हाई. मशीनवालीला." तो कठडा नखानं खरवडत होता. "पण गोठ्याचं... ते तसंच राहणार. वास तर येणारच."

"माझ्या अंगाला पेट्रोलचा येतो."

त्यानं वर बघितलं. तीही बघत होती, ना गॉगल, ना स्कार्फ.

"मग..." त्यानं कठडा खरवडायचं सोडलं. "करशील का लगीन माझ्याशी?"

"हाव!"

इंजिनाच्या आवाजावर बोलायची सवय झालेली पोरगी ती. तो 'हाव' एवढ्या मोठ्यानं निघाला की आत कपबश्या वाजायच्या थांबल्या आणि खालचा गाडी धुणाराही वर बघायला लागला. आणि तनुजाला त्याची एवढीशीसुद्धा लाज वाटली नाही.