दह्याची साक्ष

मिरजेच्या जैवसंशोधन केंद्रात डॉ. वैजयंती चौगुले सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या आणि जे दिसतंय ते खोटं ठरावं म्हणून मनातल्या मनात देवाचा धावा करत होत्या. शास्त्रज्ञ बाईला हे शोभणारं नव्हतं. पण काचेखालचा नमुना सख्ख्या धाकट्या भावाचा होता.

सुकुमार रुग्णवाहिका चालवायचा. दारूच्या थेंबालाही न शिवलेला माणूस. सोमवारी एका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन निघताना चालकाचा श्वास तपासणाऱ्या गाडीतल्या श्वासकुलपाने लाल दिवा लावला, इंजिन बंद पाडलं आणि पोलिसांना परस्पर कळवलं. बाई दुसऱ्या गाडीने दवाखान्यात पोचली, सुकुमार कोठडीत. उद्या निकाल होता आणि शिक्षा ठरलेली होती: तीन वर्षं सक्तमजुरी.

"तोच आहे," मागे उभे असलेले डॉ. फिरोज मुजावर म्हणाले. "साक्षीजंतू. आपलाच."

"पण तिसऱ्यांदा दोषी ठरल्याशिवाय कोर्ट तो कुणाला पाजत नाही. सुकुमारला पाजला कुणी?"

साक्षीजंतू या दोघांनीच घडवला होता. दारू पिऊन गाडी हाकणारे लोक पूर्वी परवाना रद्द झाला की दुसऱ्या नावाने नवा काढत आणि चिरीमिरी देऊन जुन्या नोंदी पुसून घेत. कुणाला तरी चिरडेपर्यंत त्यांचं सगळं सुरळीत चाले. म्हणून नवा कायदा आला. तिसऱ्यांदा सापडलेल्याला भर न्यायालयात हा जंतू पाजायचा. तो तोंडात आणि आतड्यात जन्मभर वस्ती करतो, कुठल्याही औषधाला दाद देत नाही आणि श्वासात एक विशिष्ट वायू सोडतो. हा खूणवायू हुंगला की श्वासकुलूप उघडत नाही. खूण अंगात असताना गाडी चालवायला बसणं हाच चौथा गुन्हा.

कायद्यात एक कलम खुद्द वैजयंतीबाईंच्या आग्रहाने आलं होतं. खुणेपुढे कुठलाही कागद चालणार नाही, आणि खूणधाऱ्याची खुणेविरुद्धची साक्षही चालणार नाही. "कागद फिरवता येतो, पोट फिरवता येत नाही," असं त्यांनी समितीला ठणकावून सांगितलं होतं. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. बाईंना त्या टाळ्या फार आवडल्या होत्या, आणि आज त्याचीच त्यांना लाज वाटत होती.

सुकुमारच्या घरातलं खाणंपिणं तपासायचं म्हणून त्यांनी भावजयीला बोलावलं होतं. त्रिशला डबे घेऊन आली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता.

"वन्सं, घरात होतं ते सगळं आणलंय. भात, आमटी, दही."

फिरोजनी प्रत्येक डब्यावर तपासयंत्र धरलं. दह्यावर धरताच लाल दिवा लागला.

"हे दही कुठलं, वहिनी?"

"घरचंच की. माझ्या दह्याला तार सुटायला लागली होती, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी वरच्या हुपरीकरकाकूंचं विरजण आणलं. त्यांचं दही सुरीनं कापावं असं लागतं. सगळी गल्ली त्यांच्याकडनंच नेती."

"हुपरीकर म्हणजे... दत्ता हुपरीकर?"

"त्यांचाच मुलगा. काकू काय टाकून देत नाहीत. त्याच्या वाटीत उरलेलं चमचाभर दहीच त्या विरजणाला ठेवतात."

दत्ता हुपरीकरला तिसऱ्या शिक्षेनंतर गेल्या वर्षीच जंतू पाजला होता. फिरोजनी यंत्र खाली ठेवलं.

"आपण तो दह्याच्या जंतूपासूनच बनवला, कारण तो पोटात घट्ट टिकतो. शिंकेतून पसरतो का, हे तपासलं. रक्तातून, स्पर्शातून, सगळं तपासलं. परदेशी नियमावलीत जे जे होतं ते सगळं."

"आणि विरजण त्या नियमावलीत नव्हतं," बाई म्हणाल्या. "रोज दही लावणाऱ्या घरात वाढले मी. माझ्या कसं डोक्यात आलं नाही?"

"गल्लीतले बाकीचे सुटलेत, कारण दुचाक्यांना अजून कुलपं बसलेली नाहीत."

दुसऱ्या दिवशी बाई दह्याचा डबा घेऊन न्यायालयात उभ्या राहिल्या. न्यायाधीश शिरगुप्पे यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाईंनी डब्यावर यंत्र धरलं, दिवा लागला.

"कुणीतरी खूणधाऱ्याने या डब्यातलं खाल्लंय, एवढंच यातून दिसतं," सरकारी वकील म्हणाले. "आरोपीनेच खाल्लं असेल."

"मग मी खाते," बाई म्हणाल्या. "माझ्या अंगात खूण नाही, हे आत्ताच यंत्रावर बघून घ्या. आठवड्याने पुन्हा बघा. दारू न पिता खूण येते, हे तुमच्या डोळ्यांसमोर सिद्ध होईल."

त्यांनी चमचा उचललाही होता. शिरगुप्पेंनी हात वर केला.

"थांबा, डॉक्टर. आठवड्याने यंत्र मला काय सांगेल? तुम्ही तीनदा दारू पिऊन गाडी चालवलीत, एवढंच. कायद्याने मला दुसरं काही ऐकताच येत नाही. आणि त्या दिवसापासून तुमची साक्ष बाद. आजचीसुद्धा."

"मग दुसऱ्या कुणाला खाऊ घाला. डॉ. मुजावर तयार आहेत."

"ते खातील आणि तेही बाद होतील. मी खाल्लं तर मला ही खुर्ची सोडावी लागेल. जो सिद्ध करेल तो गुन्हेगार, आणि जो खाणार नाही त्याच्याकडे पुरावा नाही." न्यायाधीशांचा आवाज खाली आला. "माझा तुमच्यावर विश्वास बसलाय, बाई. पण त्याचा उपयोग करायला हे कलम मला जागाच ठेवत नाही. फार काळजीपूर्वक लिहिलंय ते."

बाईंनी चमचा खाली ठेवला. शिरगुप्पेंनी निकाल वाचायला घेतला.

त्रिशलाला कायद्याची भाषा कळत नव्हती. तिने बाईंचा पदर धरला आणि हळूच विचारलं, "वन्सं, तुम्ही सांगितलं ना त्यांना? मग आता सोडतील की."

पोलीस सुकुमारला उठवत होते. त्याने बहिणीकडे बघून मान हलवली, जणू तीच अडचणीत होती आणि तोच तिला धीर देत होता.