गाडी येऊन राह्यली

यातलं काहीही रचलेलं नाही. ज्यांच्यासोबत हे घडलं ते खुर्शीदभाई आजही वडशातच राहतात. स्टेशनमागच्या गल्लीत त्यांचं रेडिओ-अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

तेरा डिसेंबर 2022. मंगळवार. दुपारचा सव्वा वाजला होता.

हो, दुपारच. भूतं रात्रीच येतात असं कोणी सांगितलं?

वडसा म्हणजे नाटक मंडळींचं गाव. इथं नाटकाचा सीझन सुरू असला की दुपारइतकी सुनसान वेळ दुसरी नसते. मंडळींचे कलाकार रात्रभर गावोगावी नाटक करून आलेले असतात. ते खोल्यांची दारं लावून झोपतात. गल्लीत कुत्रंही हलत नाही.

खुर्शीदभाई एकटेच दुकानात बसले होते.

तसे ते एकटेच असत. बायको नाहीद चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी तबस्सुम बल्लारशाला दिलेली. आता मोबाइलच्या जमान्यात व्हॉल्व्हची, आत बल्बसारख्या काचेच्या नळ्या असलेली जुनी मशीन दुरुस्त करायला कोण येणार? कधी कधी आठवडा जायचा, पण कोणी पायरी चढायचं नाही.

त्या दिवशी मात्र सकाळी दिनेश आला होता. नाटक मंडळीत गिटार वाजवणारा तिशीतला माणूस. सोबत एक जुना गिटारचा अॅम्प्लिफायर. लाकडी पेटी, वर फाटकं रेक्झिन. आत काचेचे व्हॉल्व्ह.

"खुर्शीदभाई, मशीन भारी आहे, पण आवाज दबून राह्यला. तोंडावर उशी ठेवल्यावानी."

खुर्शीदभाईंनी मागचं फळकूट काढलं. "पुढचे छोटे व्हॉल्व्ह बदलून पाहू. त्यातला पहिला मेन. गिटारचा आवाज आधी त्याच्यातच जाते. तो जसा, तसा मशीनचा गळा. ठेवून जा."

दिनेश गिटारही ठेवून गेला. गुरुवारी येतो म्हणाला.

दुपारी खुर्शीदभाईंनी जुन्या व्हॉल्व्हचा डबा उघडला. मशीन बंद करायची, व्हॉल्व्ह बदलायचा, गरम होऊ द्यायचा, तार छेडायची. पहिला लावला तर आवाज पत्र्यासारखा. दुसऱ्यात नुसती घरघर.

मग डब्याच्या तळाशी एक पुडी सापडली. पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक व्हॉल्व्ह. काचेवर नाव नाही, नंबर नाही.

तो कोणी दिला, कधी दिला, त्यांना काही आठवेना.

त्यांनी तो लावला. आत नारिंगी ठिणगी उजळली. तार छेडली...

आणि खुर्शीदभाईंच्या अंगावर काटा आला. इतका मोकळा, इतका गोड आवाज त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

एक तपासणी बाकी होती. काही जुने व्हॉल्व्ह कानासारखे होतात. काचेला टिचकी मारली तरी ती स्पीकरमधून ऐकू येते. त्यांनी गिटारची पिन काढली आणि पेन्सिलीने काचेवर हलकेच मारलं.

टुक. टुक.

स्पीकरमधून आवाज आला. म्हणजे व्हॉल्व्ह थोडा कानाचा होता. चालून जाईल. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

टुक... टुक...

खुर्शीदभाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवर होता.

मग सुकी पानं तुडवल्याचा आवाज आला. चुर्र... चुर्र... कोणीतरी चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे फिरत होतं.

गल्लीत एकही झाड नव्हतं.

आणि मग बाईचा आवाज आला. अगदी हळू.

"गाडी आली का?"

खुर्शीदभाईंनी सुटकेचा श्वास सोडला. पोलिसांचं वायरलेस असणार. आपल्या नक्षलग्रस्त जिल्ह्यात ते कधी कुठल्या मशीनमध्ये घुसेल, काही सांगता येत नाही. ते स्वतःशीच हसले आणि बटण बंद करायला हात पुढे केला.

"भाऊ... गाडी आली का?"

हात तिथंच थांबला.

वायरलेसवर कोणी भाऊ म्हणतं का?

आता लक्षात घ्या, सकाळचा दिनेश सोडला तर तो माणूस कित्येक दिवस कोणाशी धड बोलला नव्हता. त्या आवाजात इतकी काकुळती होती की त्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "येऊन राह्यली, बाई."

स्पीकरमधली पावलं थांबली. मग एक लांब उसासा.

"बरं. मंग थांबतो मी."

त्यांनी मशीन बंद केली.

शहाण्या माणसाने तो व्हॉल्व्ह काढून नाल्यात फेकला असता. खुर्शीदभाईंनी बुधवारी दुपारी पुन्हा बटण दाबलं. का, ते त्यांना आजही सांगता येत नाही. आदल्या संध्याकाळी घरी जेवताना त्यांना सारखं वाटत होतं... कोणीतरी आपल्या भरवशावर थांबलं आहे.

पानांचा आवाज लगेच आला.

"थंडी वाजून राह्यली, भाऊ."

"शाल घ्या न अंगावर."

"शाल पेटीत होती. पेटी गेली गाडीत."

खुर्शीदभाई स्पीकरजवळ सरकले. "बाई, तुमी कोन?"

"गुणाबाई." पानं पुन्हा चुरली. "इथी कोनीच नाई, भाऊ. तुमी बोलत राहा."

ते बोलत राहिले. नाहीदबद्दल बोलले. तबस्सुमबद्दल. बंद पडलेल्या दुकानांबद्दल. मधूनच ती "हां" म्हणायची. जेवणाचा डबा तसाच राहिला. मगरिबची अजान झाली तेव्हा त्यांना कळलं की बाहेर अंधार पडतो आहे.

गुरुवारी दिनेश आला. गिटार लावली, दोन सूर वाजवले आणि उडालाच. "भाई! हा कोनता व्हॉल्व्ह टाकला? काय गळा आहे!"

"दिनेश, हे मशीन तुले कुठी भेटलं?"

"आरमोरीचे श्रीहरीभाऊ, आधी गिटार वाजवत होते. त्यांनी फुकटच देऊन टाकलं. काऊन?"

खुर्शीदभाईंनी गिटारची पिन काढली. दोघं वाट पाहत बसले. एक मिनिट... दोन मिनिटं...

"भाऊ, गाडीले लय उशीर झाला न."

दिनेश भिंतीला जाऊन टेकला.

त्याच दिवशी दोघं आरमोरीला गेले. श्रीहरीभाऊ सत्तरीचे. अंगणात बाजेवर बसलेले. खुर्शीदभाईंनी फक्त नाव घेतलं, गुणाबाई. म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. तोंड न वळवताच ते बोलले.

"एक्याण्णवचं साल. कुरखेड्याच्या पुढं कोसमटोल्याले नाटक होतं. गुणाबाई आमच्या मंडळीत गात होती. पहाटे निघालो. फाट्यावर दोन गाड्या उभ्या होत्या. टपावर दव पडलं होतं, मशीन ओली होईन म्हणून मीनं हे मशीनची पेटी आत घेतली. तिच्या जागेवर ठेवली. म्हटलं, बाई, तू मागच्या गाडीत बस."

"मंग?"

"मागची गाडी आधीच निघून गेल्ती. मले मालूम नोहतं. आमाले वाटलं ते तिकडं आहे, त्यायले वाटलं इकडं आहे. वडशाले येऊन सारे झोपून गेले. दुपारी एक-सव्वाले उठून पाहतो तर बाई कोनत्याच गाडीत नाई."

श्रीहरीभाऊंनी बाजेची सुटलेली दोरी बोटाला गुंडाळली.

"वापस गेलो. फाट्यावर मोहाच्या झाडाखाली फक्त चपला होत्या. आजूबाजूले सारं जंगल. पंधरा दिवस शोधलं लोकायनं. काईच नाई भेटलं."

त्यानंतर श्रीहरीभाऊंनी पहिल्यांदा मशीन सुरू केली तेव्हा तिचा आवाज आला होता. त्यांनी एकेक व्हॉल्व्ह काढून पाहिला. ज्यात ती होती तो कागदात गुंडाळला. फोडायची हिंमत झाली नाही. खुर्शीदच्या दुकानातल्या डब्यात गुपचूप टाकून आले.

"मीनं तिले कधीच जवाब नाई देला," श्रीहरीभाऊ म्हणाले. मग त्यांनी मान वर केली. "तू देला काय?"

खुर्शीदभाई खाली बघत म्हणाले, "मीनं म्हटलं... गाडी येऊन राह्यली."

म्हातारा बाजेवरून उठला.

"मंग आता गाडी न्यावी लागन."

शुक्रवारी सकाळी दिनेशने मंडळीची गाडी मागून आणली. स्वतःच चालवली. श्रीहरीभाऊ आले नाहीत. अॅम्प्लिफायर टपावर बांधला आणि मधली सीट पूर्ण रिकामी ठेवली.

कोसमटोल्याच्या फाट्यावर आता डांबरी रस्ता आहे. मोहाचं झाड मात्र होतं. स्वच्छ ऊन पडलेलं. दोन्ही बाजूंना साग. लांबवर माणूस नाही.

खुर्शीदभाई उतरले. त्यांनी मधलं दार उघडलं. काय बोलावं ते कळेना. शेवटी साध्या आवाजात म्हणाले,

"गुणाबाई, गाडी आली."

वारा नव्हता. एक पानही हलत नव्हतं.

मग झाडाकडून...

चुर्र... चुर्र... चुर्र...

आता मध्ये मशीन नव्हती, व्हॉल्व्ह नव्हता. आवाज उघड्या कानांना येत होता. पावलं गाडीजवळ आली. खुर्शीदभाईंच्या उजव्या हाताला, कोपरापासून बोटांपर्यंत, माठाच्या पाण्यासारखं गार लागलं. रेक्झिनची सीट करकरली.

त्यांनी दार हळूच लावलं.

परतीच्या वाटेवर कोणी मागे वळून बघितलं नाही. दिनेशने मधला आरसा आधीच फिरवून ठेवला होता.

वडशाला दुकानासमोर गाडी थांबली. खुर्शीदभाईंनी दार उघडलं, "वडसा आलं, बाई" म्हणाले आणि थोडा वेळ बाजूला उभे राहिले. मग आत जाऊन मशीन लावली. नुसती बारीक खरखर. काचेला पेन्सिल मारली, तेवढीच टुक. दुसरं काही नाही.

दिनेश मशीन घेऊन गेला. त्या सीझनला त्याच्या गिटारचा आवाज लोक वळून वळून ऐकत होते. व्हॉल्व्ह अजून तोच आहे.

इथंच सगळं संपायला हवं होतं.

पण तिला आणायच्या घाईत एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. गुणाबाईला पोहोचवायचं कुठे? तिचं गाव कोणतं, घर कोणतं?

खुर्शीदभाईंनी श्रीहरीभाऊंना फोन केला.

"सहा सीझन गायली ते आमच्यासंगं," श्रीहरीभाऊ म्हणाले. "कुठची होती, ते कोनी इचारलंच नाई गा."

हे सगळं मला तबस्सुमने सांगितलं. गेल्या वर्षी ती वडिलांना कायमचं बल्लारशाला न्यायला आली होती. बॅग भरली होती. पण ते दुकानातून उठेनात. तिने खूप समजावलं. शेवटी चिडून म्हणाली, "अब्बा, इथी आपलं आहेच कोन?"

तेव्हा त्यांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाले,

"एक डाव लोक सोडून गेले. मी नाई जात. तुमी काळजी नका करू."

तबस्सुम एकटीच परत गेली.

ती सांगते, अब्बा मला लहानपणापासून 'तू'च म्हणतात, 'तुमी' कधीच नाही.

आणि ते बोलले तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते.