सहा तासांचा रिपोर्ट

१९९७ सालचा एप्रिल होता. त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही, कारण इन्क्युबेटरमध्ये एक प्लेट होती.

रक्तात जंतू शिरले तर त्यांच्यावर कोणतं औषध लागू पडेल हे कळायला तेव्हा तीन दिवस लागत. तोवर माणूस हातचा जायचा. मी ठरवलं, बाटलीत जंतू वाढवायला ठेवलेलं पेशंटचं रक्त गढूळ झालं की जंतू वेगळे काढत बसायचं नाही. तेच थेट प्लेटवर पसरायचं, वर औषधांच्या सहा चकत्या ठेवायच्या आणि सहा तासांनी बघायचं. जिच्याभोवती जंतू वाढणार नाहीत, ते औषध.

पहिली बाटली केदारखेड्याच्या दुर्गाबाईची. वय बावीस, बाळंतपणानंतरचा ताप. तिची सासू गोजरबाई सकाळपासून मस्तगडच्या माझ्या लॅबच्या पायरीवर बसून होती.

"बाई, जल्दी व्हईल ना? लेकरू आठ दिसांचं हाये."

"तीन वाजता सांगते."

दोन वाजता फोन आला. दुर्गाबाईचे डॉक्टर, जगन्नाथ रत्नपारखी.

"उमा मॅडम, कमाल केलीत! अमिकासिन लगेच सुरू केलं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की. एक वाजता."

मी फोन केला नव्हता. तीन वाजता प्लेट बाहेर काढली. पुसट साय धरावी तशी जंतूंची वाढ, आणि एकाच चकतीभोवती स्वच्छ गोल. अमिकासिन.

मी अक्षरशः ओरडले. अकरा वर्षं माझ्याकडे काचसामान धुणाऱ्या सगुणाबाई शेजूळला मिठी मारली. सहा तास! तिसऱ्या दिवशी दुर्गाबाईचा ताप उतरला. फोनचं मी मनावर घेतलं नाही. डॉक्टरांचा काही गोंधळ झाला असेल.

पुढच्या आठवड्यात मंठ्याचे रखमाजी. दहा वाजता चकत्या ठेवल्या. सव्वादहाला डॉक्टरांचा फोन, "तुमचा निरोप नऊलाच मिळाला. सिफोटॅक्सिम दिलं."

चार वाजता प्लेट पाहिली. सिफोटॅक्सिम.

घाबरायला हवं होतं. पण रखमाजी उठून बसले होते, भाकर मागत होते. मला रात्री आनंदानं झोप लागेना.

मग बदनापूरचे कारभारी. या वेळी मी आदल्या संध्याकाळीच फोनची वायर भिंतीतून उपसून ठेवली. सकाळी त्यांची बाटली अजून गढूळही झाली नव्हती.

अकरा वाजता डॉक्टर स्वतः स्कूटरवर आले. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, चेहरा खुललेला.

"फोन लागेना तुमचा, म्हणून आलो. सकाळी सांगितलंत ते औषध बराबर लागू पडलं. कारभारी शुद्धीवर आले!"

मी टेबलावरच्या वायरीकडे बघितलं.

"माझाच आवाज होता?"

"बिलकुल. का हो?" ते पाणी प्यायले. "तो दुसरा रिपोर्ट मात्र कळला नाही. सहापैकी एकही औषध लागू नाही म्हणालात. पण त्या नावाचं पेशंट आमच्याकडे नाही."

"कोणत्या नावाचं?"

"सगुणाबाई शेजूळ."

आत नळ बंद झाला.

सगुणाबाई दारात आली. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला.

"बाई, पंखा बंद करू का?" ती म्हणाली. "लई थंडी वाजून राह्यली."