शेठची कातडी

काचेच्या ताटलीत तळहाताएवढी कातडी तरंगत होती. संस्थेला पैसा पुरवणाऱ्या धनपालशेठच्या मांडीवरून घेतलेली, प्रयोगशाळेतल्या 'त्वचावाफ्या'त वाढवलेली. उद्या ती शोभनाच्या पोटातल्या बाळाला लावायची होती, आणि डॉ. वैजयंती कोरगावकरांना ऐन वेळी शंका छळू लागली होती.

शोभनाचं पहिलं बाळ फोडांनी भरूनच जन्मलं होतं. नवरा मामाचाच मुलगा; दोघांकडे एकेक सदोष जनुक, बाळाकडे दोन्ही. कातडीचे थर धरून ठेवणारा 'त्वचाडिंक' त्याच्या अंगात बनतच नव्हता. न्हाऊ घालणारीने नेहमीसारखं डाळीचं पीठ लावून चोळलं, तर पाठीची कातडी सोलून तिच्या हातात आली. जठराचं तोंडही बंद होतं. पण कातडीच टिकत नाही तर टाके घालणार कशात? बाळ गेलं. तपासणीत हे दुसरंही तसंच निघालं होतं.

"सर, आईची त्वचा का नको?" वैजयंतीने संचालक रेग्यांना विचारलं. "तिचं एक जनुक चांगलं आहे. तिला कुठे फोड येतात?"

"वाढवायला दीड महिना जाईल. गर्भाला अजून आपलं-परकं कळत नाही, म्हणून आत्ता लावलेली शेठची कातडी तो जन्मभर आपली मानेल. पुढच्या महिन्यात नाही मानणार."

"ही मुदत परक्यासाठी झाली. आईच्या पेशी नाळेतून आधीच बाळात शिरलेल्या असतात, तिला ते परकी मानत नाही. मग आधी उपचार झालेल्या सातही मुलांना शेठचीच कातडी का?"

रेगे हसले. "शेठच्या हाडांतली रक्त बनवणारी मज्जा संपत आली आहे, कोरगावकर. दुसऱ्या कुणाची घातली तर ती त्यांच्याच शरीरावर उलटेल. या मुलांच्या मज्जेला मात्र शेठ परके वाटतच नाहीत. कळलं?"

वैजयंतीला शेठचा गेला वाढदिवस आठवला. शेठ याच पोरांचे दंड चाचपत "छान बाळसं धरलंय" म्हणाले होते, आणि तिने कौतुकाने टाळ्या वाजवल्या होत्या.

"अहो, जीव वाचवलेत आपण त्यांचे! थोडी मज्जा दिली तर बिघडलं कुठे?" रेगे म्हणाले.

"शी!" एवढंच ती म्हणाली. ताटली तिने कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत उपडी केली आणि तडक शोभनाकडे गेली.

शोभनाने सगळं ऐकून घेतलं. "त्या माणसाचा फोटू देवघरात लावलाय मी, म्याडम," ती म्हणाली. मग तिने मांडीवरून हात फिरवला. "माझी घ्या. लागंल तेवढी घ्या. आन् त्या सात लेकरांची? त्याची कातडी काढता यील ना?"

"कातडी बदलता येईल. ओळख नाही पुसता येत." वैजयंती म्हणाली. "मोठी झाल्यावर त्यांना शेठची किळस येईल, शोभनाताई. त्यांच्या रक्ताला ती कधीच येणार नाही."