मुरलेलं पाणी

“भावजी, पाणी आलं का हो?”

मावशीचा हा आवाज मी शेवटचा ऐकला तेव्हा दहा वर्षांची होते.

गेल्या वर्षी तो पुन्हा ऐकला. तिला जाऊन बावीस वर्षं झाल्यावर. भर दुपारी, चौदा माणसांत.

खोटं वाटेल. पण मी कानांवर पोट भरते. चित्रपटांसाठी ध्वनिमुद्रण करते. कान मला फसवत नाहीत.

माझ्या मैत्रिणीनं पदरमोड करून एक विनोदी चित्रपट काढला. विषय, मी दहा वर्षांची असताना आमच्या गावात झालेला चमत्कार. बंद धुलाईघराच्या भिंतीतला नळ अकरा वर्षं कोरडा होता. एका सकाळी तो आपोआप वाहू लागला. लोकांनी बाटल्या भरल्या. दुखणी पळाली म्हणे.

मैत्रीण म्हणाली, नाव ठेवू ‘कुठेतरी पाणी मुरतंय’.

सगळे हसले.

बाबा हसले नाहीत.

बाबा गावात नळदुरुस्ती करतात. जुना नळ कधीच गेला होता. चित्रीकरणासाठी त्याच भिंतीत खोटा नळ त्यांनीच ठोकला. मागे पाइप नाही, काही नाही. “काका, पाणी नको हं, नाहीतर परत रांग लागायची,” मैत्रीण म्हणाली.

मावशी आमच्या शेजारीच राहायची. साखरेचा आजार, रोज सुई. चमत्कार झाला आणि तिनं सुई सोडली, ते पाणी धरलं. बाटली बाबांनी आणून द्यायची. महिन्याभरात मावशी गेली.

गाव म्हणालं, बिचारीनं पाणी उशिरा सुरू केलं.

आमच्या कामात एक रीत आहे. प्रसंग संपला की सगळ्यांनी जागच्या जागी मिनिटभर गप्प उभं राहायचं. त्या जागेची नुसती शांतता मुद्रित करायची. पुढे संकलनाच्या जोडकामात ती लागते.

मी हात वर केला.

दहा सेकंद. वीस...

टप्.

नळाकडे पाहिलं. कोरडा ठक्क.

टप्... टप्...

मग श्वास. जिना चढून आल्यासारखा. अगदी कानाशी...

“भावजी, पाणी आलं का हो?”

कुणी हललं नाही. हेडफोन एकट्या माझ्या कानांवर होते. दुसऱ्या कुणाला ऐकू येणं शक्यच नव्हतं.

पण नळाशेजारी उभ्या बाबांची मान वर झाली.

चित्रपट लागला. लोक पोट धरून हसले. ते मिनिट मात्र माझ्याकडेच आहे. त्यात थेंब नाही, मावशी नाही. मी शंभरदा तपासलंय. नुसती शांतता... आणि चाळिसाव्या सेकंदाला बाबा.

घरात एकटी असले की मी ते लावत नाही.

“आलं गं,” बाबा म्हणतात. “पण ते वरच्या टाकीचं होतं. गळती काढताना जोड माझा चुकला. दुसऱ्याच दिवशी कळलं मला. सांगायला तुझ्या दारात आलो होतो... तू माझेच हात डोळ्यांना लावलेस. मग बाटली ठेवली, आणि आलो.”